मूठभर जव

पहाटे सव्वापाच

शटर मी एकदम वर करत नाही. अर्ध्यावर थांबवते, वाकून आत जाते आणि दिवा लावते. पूर्ण उघडलं की त्याचा खडखडाट थेट वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात जातो, आणि तिथलं बाळ अजून तीन महिन्यांचं आहे. त्याच्या आईचा पहाटेच कुठे डोळा लागतो.

दुधाचे क्रेट पायरीवर येऊन पडलेले असतात. ते आत घ्यायचे, पिशव्या मोजायच्या, फुटकी निघाली तर बाजूला काढायची. मग झाडलोट, उंबऱ्यावर पाणी, गल्ल्यावरच्या लक्ष्मीला उदबत्ती. तोवर हे मागच्या खोलीतून पोती पुढे ओढतात. दुकान पुण्याच्या नारायण पेठेत, नदीपासून चालत पाच मिनिटांवर. दहा फूट बाय चौदा फूट, त्यावर माळा, आणि वर आम्ही राहतो. आजेसासऱ्यांनी घातलेलं हे दुकान, आम्ही तिसरी पिढी.

आज श्रावणातला चौथा सोमवार. जवाची बरणी मी रात्रीच वरच्या फळीवरून काढून काउंटरवर ठेवली आहे. वर्षातला हा एक दिवस तिचा.

सहा ते आठ

दूध न्यायला येणारं माणूस फारसं बोलत नाही. पिशवी उचलतं आणि पैसे ठेवतं, नाहीतर नुसता हात वर करतं. हात वर म्हणजे मांडून ठेवा. वही माझ्या डाव्या हाताला असते. संगणक आहे, लेकीने बसवून दिलाय, पण उधारी अजून वहीतच. ज्याचं खातं त्याला त्याचं पान वळवून दाखवता येतं, म्हणून.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटायचं, वहीत नुसते आकडे असतात. हळूहळू कळत गेलं. अर्ध्या लिटरचं एक लिटर झालं की घरात कुणी आलंय. महिन्याच्या यादीतला दहा किलो गहू चारवर आला की पोरं नोकरीला बाहेर पडली. साखर निम्म्यावर आली तर मी काही विचारत नाही, तपासणीचा कागद त्यांनीच आणून दाखवला तर वाचते. आमच्या मागच्या वाड्यातले एक आजोबा गेले. तेराव्यानंतर आजींनी पहिली यादी पाठवली, तिच्यात सवयीने आजोबांची तपकीर लिहिलेली होती. बाकी सामान मी दिलं, तपकिरीची पुडी दिली नाही आणि तिचे पैसेही मांडले नाहीत. त्यांनी काही विचारलं नाही. पुढच्या महिन्याच्या यादीत ती ओळ नव्हती.

ही गोष्ट मी दुकानात कुणाला सांगितलेली नाही. इथे सांगते, कारण दुकान म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

साडेआठ ते दहा

श्रावणी सोमवारची गर्दी वेगळी असते. साबुदाणा रात्री भिजलेला असतो, तेव्हा सकाळी धावत येतात ते शेंगदाणे संपले म्हणून, नाहीतर जिरं, तूप, राजगिऱ्याचे लाडू. पुण्याची माणसं वरीचे तांदूळ मागतात, मराठवाड्यातून शिकायला आलेली मुलं भगर मागतात. धान्य एकच आहे, एकाच पोत्यातून देते.

नऊच्या सुमाराला एक मुलगी आली. हातात नवा हिरवा चुडा, खांद्याला ऑफिसची बॅग.

“काकू, जव आहेत का? थोडेच हवेत.”

“शिवामूठ?”

“हो. सासूबाईंनी सांगितलंय. मी ॲपवर पाहिलं, पण अर्ध्या किलोच्या खाली मिळतच नाही.”

“लग्न कधी झालं?”

“मे महिन्यात.”

“मग पाच वर्षं महादेवाला वाहायची. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्याला तीळ, तिसऱ्याला मूग, चौथ्याला जव. पाचवा सोमवार आला तर सातू.”

“जव म्हणजे बार्लीच ना?”

“धान्य तेच, पण सूपात घालायची सोललेली असते ती नको. हे बघ, साल आहे याला.”

मी मूठ भरून कागदावर घेतली, आईंनी पुडी बांधली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या पुडीला आजही दोऱ्याचे दोन वेढे आणि एक गाठ असते. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आसपासची दुकानं कागदी पाकिटं शोधत होती. आमच्याकडे आई होत्या.

पुडीचे पाच रुपये. अशा तीस-पस्तीस पुड्या आज जातील आणि जव जेमतेम दीड किलो खपतील. उरलेले अण्णा, म्हणजे माझे सासरे, लागतील तसे भाजून दळून आणतात आणि घरात सातूचं पीठ होतं. हिशेबाने पाहिलं तर वर्षभर एक बरणी जागा अडवून बसते, दर महिन्याला ती उघडून किडा लागलाय का बघावं लागतं, आणि हे सगळं दीडशे रुपयांच्या विक्रीसाठी. तरी मी ती बरणी काढणार नाही. त्या मुलीला मूठभरच हवे होते, आणि मूठभर तिला या पेठेत आमच्याकडे मिळाले.

असं मूठभर रोज निघतं. सांडग्यासाठी छटाकभर मेथी, बाळाच्या गुटीसाठी एक हळकुंड नि एक वेखंड, श्राद्धाला शंभर ग्रॅम काळे तीळ, तापातल्या माणसाला पेजेपुरता तांदूळ. मोठ्या दुकानात यातलं बरंच मिळतं, पण त्यांच्या मापाने मिळतं. इथे माप गिऱ्हाइकाचं.

दहा ते एक

हे मार्केट यार्डाला गेले. गुलटेकडीला भुसार विभागात आठवड्यातून एक खेप होतेच. गणपतीला नऊ दिवस राहिलेत, म्हणजे आजची खेप मोठी: गूळ, खोबरं, आंबेमोहोर, रवा, हरभरा डाळ. यादी मी करून दिली आहे, पण डाळ हातात घेऊन दाताखाली फोडून बघणं हे त्यांचं काम. चकाकणारी तूरडाळ ते उचलत नाहीत, पॉलिशची आहे म्हणतात. तिथले हमाल त्यांना नावाने ओळखतात. बाबा आढावांनी उभ्या केलेल्या हमाल पंचायतीची ही माणसं. १९६९च्या माथाडी कायद्याने त्यांच्या मजुरीची, भविष्यनिर्वाह निधीची काही शाश्वती झाली. पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाला ती हवीच. ह्यांचं दुपारचं जेवण उशीर झाला तर तिथेच, पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये.

माल आम्हालाही उधारीवर मिळतो. आज माल, पैसे ठरलेल्या दिवसांनी. ते दिवस पाळले नाहीत तर पुढच्या खेपेला भाव बदलतो. तेव्हा आम्ही गल्लीतल्यांसाठी महिनाभर थांबतो ते आमच्या खिशातून नव्हे. व्यापारी आमच्यासाठी थांबतो, आम्ही गिऱ्हाइकासाठी. ही साखळी केवढी जुनी आहे हे मला अण्णांनी सांगितलं.

१२ जुलै १९६१. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आजेसासऱ्यांनी पोरांना घेऊन घर सोडलं. परत आले तेव्हा दुकानाचा दरवाजा जागेवर नव्हता. साखर आणि मीठ विरघळून गेलेलं, गुळाच्या ढेपा नाहीशा झालेल्या, तांदूळ फुगून पोती फुटलेली, आणि सगळ्यावर वीतभर गाळ. अण्णा सांगतात, ते धान्य कुजून जो वास सुटला तो पुढे कितीतरी दिवस भिंतीतून येत होता.

खतावणी गाळात सापडली. शाई सगळी पसरली होती. एकेक पान काढून अण्णांच्या वडिलांनी दोरीवर वाळत घातलं, पण वाळल्यावरही वाचता येईना. कुणाकडे किती येणं होतं याचा पुरावाच उरला नाही. ज्यांच्याकडे येणं होतं त्यांचीही घरं पाण्यात गेलेली, तेव्हा विचारायला जाण्याचा प्रश्नच नव्हता.

मग आठ-दहा दिवसांनी एकेक जण येऊ लागला. “माझ्याकडे अकरा रुपये होते.” “आमचे साडेसात असतील, आठ धरा.” कुणी लगेच दिले, बऱ्याच जणांकडे द्यायला नव्हतेच, त्यांनी नुसता आकडा सांगितला आणि नव्या वहीत लिहायला लावला. ती नवी वही अशी लोकांच्या तोंडून लिहिली गेली. भुसार बाजार तेव्हा नाना पेठ-भवानी पेठेकडे होता. तिथल्या ज्या व्यापाऱ्याचे पैसे थकले होते त्यानेच हातगाडीवर पाच पोती पाठवली आणि निरोप दिला, की मागचं नंतर बघू, आधी दुकान उघडा.

किती लोक आलेच नाहीत, हे मी एकदा अण्णांना विचारलं होतं. ते म्हणाले, “ते वडिलांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. त्यांना रोज त्या लोकांशी बोलायचं होतं.”

दुपारी एक ते चार

दुकान बंद. पहाटे सव्वापाचपासून उभ्या असलेल्या माणसाला जेवायला आणि अंग टेकायला ही वेळ लागते. पण सगळा वेळ झोपेत जात नाही. अण्णा दोन वाजता सूप घेऊन बसतात आणि शेंगदाण्यातले खवट, काळे दाणे वेचून काढतात. आई पाव-पाव किलोच्या पुड्या बांधून ठेवतात. मी फळीवरचा माल मागेपुढे करते, तारीख जवळ आलेली बिस्किटं पुढे, नवी मागे. लेक जीएसटीचं बघते. २०२२च्या जुलैत पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद, छापील धान्यावर पाच टक्के कर आला, सुट्यावर नाही. तेव्हापासून सव्वीस किलोचं तांदळाचं पोतं दिसायला लागलं. ते फोडून आम्ही सुटा तांदूळ विकतो. तेलाचं उलट आहे. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने मनाई आहे, भेसळ होऊ नये म्हणून. नियम बरोबर आहे. पण पळीने दहा रुपयांचं तेल नेणाऱ्या बायांची त्यात अडचण झाली हेही खरं. त्यांच्यासाठी मी सगळ्यात लहान पाकीट कायम ठेवते, नफा सुटो न सुटो.

चार ते साडेसहा

शटर वर गेलं की आधी मुलं. शाळा सुटलेली असते. एकाच्या हातात वीस रुपये आणि डोक्यात तीन वस्तू, त्यातली एक वाटेत विसरलेली. मी त्याच्या घरी फोन लावते.

आणि पार्सलं. आसपासच्या इमारतींत दिवसा घरी कुणी नसतं, तेव्हा पार्सलवाले आमच्याकडे खोकी ठेवून जातात. आज सात आली. दोन खोकी तर किराण्याचीच आहेत, वरून कळतं. सांभाळून ठेवते. चार घरांच्या किल्ल्या खिळ्याला आहेत, एका घरी कामाच्या मावशी पाच वाजता जातात, त्या इथून किल्ली नेतात आणि इथेच ठेवतात. याचे पैसे कुणी देत नाही आणि आम्ही मागतही नाही. शेजारी दुकान असण्याचा तो भाग आहे.

पाचनंतर अभ्यासिकेतली मुलं चहाला बाहेर पडतात. सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांत राज्यभरातून मुलं स्पर्धा परीक्षांसाठी येतात. एका खोलीत चौघं, घरून ठरलेले पैसे, त्यात खोलीचं भाडं, अभ्यासिकेची फी आणि मेस. आज महिन्याची अठरा तारीख. अठरापासून पुढे ही मुलं दहा रुपयांच्या भाषेत बोलतात. दहाचे पोहे, दहाचे दाणे, पाचची कॉफी. मी दहाचे पोहे देते तेव्हा काट्यावर आकडा थोडा पुढे जाऊ देते.

एक मुलगा होता, जालन्याकडचा. तीन वर्षं होता. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेला. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा न सांगता गावी गेला. वहीत त्याच्या नावावर अठराशे चाळीस होते. हे म्हणाले, पान वळव आता. मी वळवलं नाही. सात महिन्यांनी फोनवर सहाशे रुपये आले, सोबत एक ओळ: काकू, सोयाबीन विकलं. पुढच्या वर्षी पुन्हा सहाशे, मग उरलेले सहाशे चाळीस. यशस्वी झालेल्यांचे फोटो क्लासच्या फलकावर लागतात. या मुलाचा कुठे लागला नाही. माझ्या वहीत त्याचं पान आहे आणि त्यावर “पूर्ण” असं लिहिलंय.

साडेसहा ते साडेनऊ

उपास सोडायची वेळ. मूगडाळ, तांदूळ, पापड, दही. काउंटरपुढे तीन रांगा होतात, एक पैसे देणाऱ्यांची, एक नुसतं विचारणाऱ्यांची, आणि एक बोलायला थांबलेल्यांची. कुणाच्या खोलीला भाडेकरू हवा आहे, कुणाच्या वाड्याची पुनर्विकासाची बैठक झाली, कुणाचं कुत्रं सकाळपासून दिसत नाही. पैसे आल्याचं सांगणारा डबा मधूनच गप्प होतो. बँकेचं काही अडलेलं असतं. मग मी म्हणते, “घरी जाऊन पाठवा.” पाठवतात. २०१६च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा एका रात्रीत गेल्या तेव्हाही हीच वही उपयोगी पडली. महिनाभर कुणी रोकड मोजलीच नाही, सगळं मांडून ठेवलं.

आणि २०२०. मार्चपासून टाळेबंदी, मग पेठांतल्या गल्ल्या पत्रे लावून बंद. परवानगीच्या वेळेत दुकान उघडायचं, खडूची वर्तुळं आखायची. लोक फोनवर यादी सांगायचे, वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली यायची. खोल्यांत अडकलेल्या मुलांना मेस नव्हती. त्यांना कुकरमध्ये खिचडी कशी लावायची हे आईंनी इथे बसून फोनवर शिकवलं, एकेकाला, किती पाणी आणि किती शिट्ट्या. त्या दिवसांत जी घरं मॉलमधून महिन्याचं भरायची, तीही आमच्याकडे आली. आम्ही सगळ्यांना दिलं. साखर माणशी दोन किलोच्या वर दिली नाही, मागच्याला उरावी म्हणून.

नंतर ती घरं परत गेली. त्यांच्याबरोबर आमचीही काही जुनी खाती गेली. दहा मिनिटांत सामान आणून देणारे आता आमच्याच गल्लीतून गाडी पळवतात. त्या पोरांवर माझा राग नाही, पावसात भिजत येतात, पायरीवर थांबले तर पाणी देते. पण हिशेब सांगितला पाहिजे. दुकान चालतं ते महिन्याच्या यादीवर. पाच किलो तूरडाळ, दहा किलो तांदूळ, मसाले, सुकामेवा, यांत चार पैसे सुटतात. साखर-तेलात जेमतेम. आणि पाच रुपयांच्या पुडीत, दहाच्या पोह्यांत, महिनाभर थांबण्यात काहीच नाही. ते सगळं त्या मोठ्या यादीच्या आधाराने उभं आहे. मोठी यादी दुसरीकडे गेली आणि मूठभर तेवढं आमच्याकडे उरलं, तर ते मूठभरही फार दिवस देता येणार नाही. आमच्या ओळखीची दुकानं अशीच बंद झाली. नंतर लोक हळहळले, म्हणाले, अहो सकाळी मोहरी संपली की पळत जायचो तिथे. नुसत्या मोहरीवर दुकान तगत नाही.

रात्री दहा

शटर खाली. ह्यांचा टेम्पो साडेचारलाच आला होता, गुळाचा वास अजून दुकानभर आहे. गल्ला मोजला, वही मिटली. जवाच्या तेहेतीस पुड्या गेल्या. शेवटची पावणेनऊला गेली, ऑफिसातून उशिरा सुटलेल्या एका मुलीला. देऊळ उघडं असेल का, असं ती विचारत होती. अण्णा म्हणाले, “असेल, जा लगेच.”

लेक यंदा एम.कॉम. पूर्ण करते आहे. दुकान पुढे चालवायचं म्हणते. मी तिला हो म्हणण्याआधी तुमच्याशी बोलावं म्हणून हे लिहिलं.

तुमची सगळी यादी आम्हाला द्या असं मी म्हणत नाही. ज्या वस्तू तुम्हाला दुसरीकडे स्वस्त पडतात त्या तिकडून घ्या, संसार सगळ्यांनाच करायचा आहे. पण डाळ, तांदूळ, गूळ आणि मसाले, एवढं तरी तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्या, मग तुम्ही कुठल्याही गावात राहत असा. आमच्या गल्लीतल्यांनी गणपतीच्या सामानाची यादी शनिवारपर्यंत पाठवावी. मोदकाची पिठी यंदाही आंबेमोहोराची, रविवारी दळून येईल.